टेडिंग्टनचं लॉक बघायला जाताय? आधी पंचांग उघडा: बडोदेकरांसाठी पूर्ण क्रम

दर उन्हाळ्यात बडोद्यातून कितीतरी आईबाबा लंडनला मुलांकडे जातात आणि मुलं हाउन्सलो, ट्विकेनहॅम, किंग्स्टन या बाजूला राहत असली की एखाद्या रविवारी टेम्स नदीवरच्या टेडिंग्टन लॉकला, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाला, चक्कर होतेच. परत आल्यावर दांडिया बाजारात कुणी भेटलं आणि विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "हो बघितलं की, पाणी धो धो पडत होतं, फोटो काढले." अहो, पाणी पडत होतं तो बंधारा. लॉक बाजूला होतं आणि त्याचे दरवाजे त्या वेळी बंद होते, म्हणजे जे बघायला गेलात ते राहूनच गेलं.

आणि यात जाणाऱ्यांची काही चूक नाही, कारण मुलं कामात असतात, त्यांना सुट्टी असेल तो दिवस आणि जेवण आटपेल ती वेळ असा हिशोब होतो. पण हे ठिकाण घड्याळावर चालत नाही, भरतीवर चालतं. आपण कावी-कंबोईला स्तंभेश्वरच्या दर्शनाला जाताना भरती-ओहोटीचा टाइम विचारल्याशिवाय गाडी काढतो का? मग इथेही तेच करायचं. खाली सगळं क्रमाने लिहिलंय, क्रम मोडू नका, बहुतेक गोंधळ क्रम मोडल्यानेच होतो.

## १. निघायच्या आधी: तिथे नक्की काय काय आहे ते डोक्यात बसवा

समुद्राचं पाणी टेम्समधून लंडन शहर ओलांडून वर चढत येतं आणि टेडिंग्टनला थांबतं. इथे नदीच्या रुंदीत बंधारा आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नेहमीची नदी, खालच्या अंगाला भरती-ओहोटीची नदी. दोन्हीच्या पातळीत ओहोटीला साधारण अडीच मीटरचा फरक असतो. बोटीला बंधारा ओलांडता येत नाही म्हणून बाजूला लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांब दगडी हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, हौदातलं पाणी चढवायचं किंवा उतरवायचं, पलीकडचे दरवाजे उघडायचे.

आपल्या डोक्यात आजव्याचे दरवाजे असतात. आजव्याचे दरवाजे उघडले की विश्वामित्री चढते, त्यामुळे लॉकचा दरवाजा उघडला की पाणी सुटणार असं वाटतं आणि लोक त्या लोंढ्याची वाट बघत उभे राहतात. तसं काही होत नाही. लॉकचे दरवाजे दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्यावरच उघडतात, अगदी शांतपणे. पाणी अडवायचं काम बंधाऱ्याचं, लॉकचं काम फक्त बोट वर-खाली नेण्याचं.

पहिलं लॉक इथे १८११ मध्ये सुरू झालं. आता तीन आहेत, शेजारी शेजारी:

- मधल्या मापाचं, म्हणजे लाँच लॉक, १८५८ चं, साधारण ५४ मीटर लांब. रोजची बरीचशी वाहतूक इथून होते.
- सगळ्यात मोठं बार्ज लॉक, १९०४ चं, १९८ मीटर लांब. याला मध्ये आणखी एक दरवाजांची जोडी आहे, बोटी कमी असल्या तर अर्धाच हौद भरायचा आणि पाणी वाचवायचं.
- अगदी चिंचोळं स्किफ लॉक, हेही १८५८ चं, १५ मीटर लांब आणि जेमतेम पावणेदोन मीटर रुंद. वल्ह्यांच्या छोट्या होड्यांसाठी. तिथले लोक याला शवपेटी म्हणतात, आणि वरून खाली वाकून बघितलं की का म्हणतात ते कळतं.

तपासा: घरातल्या नातवाला किंवा नातीला विचारा, "पाणी कोण अडवतं आणि बोट कोण चढवतं?" बंधारा आणि लॉक अशी दोन वेगळी उत्तरं आली की पुढे चला.

## २. तारीख ठरवा, तीही पंचांग बघून

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे गाळतात.

पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. खरं मोठं उधाण त्याच दिवशी नसून एक-दोन दिवसांनी येतं, म्हणजे प्रतिपदा, द्वितीया धरून चला. अष्टमीनंतर, नवमी-दशमीच्या आसपास भांग, म्हणजे भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. चंद्र सगळीकडे एकच, त्यामुळे भिंतीवरचं आपलं कॅलेंडर लंडनलाही चालतं. पंचांगातल्या तिथीच्या वेळा भारताच्या असतात, लंडन उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, पण दिवस निवडायला एवढ्याने काही बिघडत नाही.

तर मग निवडायचं काय? पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि त्यानंतरचे दोन दिवस. या तीन दिवसांतला शनिवार-रविवार मिळाला तर उत्तमच, कारण हौशी बोटवाले सुट्टीलाच बाहेर पडतात.

आणि हे का, तर फक्त उधाण मोठं म्हणून नाही. टेम्सच्या या भागात उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती दुपारी उशिरा येते, उन्हाळ्याच्या तिथल्या घड्याळाने साधारण साडेतीन ते पाच. म्हणजे दुपारी एकच्या सुमारास पोचलात तर आधी ओहोटीची पातळी, मग चढणारं पाणी, मग पूर्ण भरती, सगळं एका बैठकीत दिसतं आणि उजेडही भरपूर. भांगाच्या दिवसांत उलटं होतं, भरती सकाळी नऊ-अकराच्या दरम्यान आणि मग एकदम रात्री, आणि नाश्ता करून, नातवंडांना तयार करून आपण बाराला पोचतो तेव्हा पाणी निघून चाललेलं असतं.

वर्षातली मोठी उधाणं दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्या हिशोबाने गुढीपाडवा आणि घटस्थापना. दोन्ही प्रतिपदा, दोन्ही अमावास्येला चिकटून. सणाच्या दिवशी मुलीकडे पुरणपोळी सोडून कुणी नदीवर जाणार नाही हे मलाही समजतं, तर दुसऱ्या दिवशी द्वितीयेला जा, भरती बहुधा तशीच मोठी किंवा जास्तच असते. वटपौर्णिमेला उपास असेल तर तेच, दुसरा दिवस घ्या, चार-पाच तास उन्हात उपाशीपोटी उभं राहणं नको. नारळी पौर्णिमेचा मुहूर्त तर या कामाला मला फार आवडतो, हवा छान असते आणि शाळांना सुट्ट्या असतात त्यामुळे नदीवर बोटी भरपूर.

सावध: फक्त वेदर ॲपवर ऊन दिसलं म्हणून तारीख बदलू नका. ढगाळ पौर्णिमा ही स्वच्छ अष्टमीपेक्षा या कामाला कधीही चांगली, छत्री घ्या आणि जा.

## ३. आता वेळ काढा, आणि ती दोनदा तपासा

तिथीने दिवस मिळतो, वेळ मात्र भरतीच्या कोष्टकातूनच घ्यायची, अंदाजाने नाही. टेम्सच्या भरतीची कोष्टकं पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी काढते, नेटवर मिळतात. त्यात अनेक ठिकाणं असतात, तुम्हाला हवं ते नाव रिचमंड लॉक. टेडिंग्टनच्या सगळ्यात जवळचं तेच.

इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली, "लंडन" एवढंच टाइप करून जी वेळ येते ती धरायची. ती बहुतेक वेळा लंडन ब्रिजची असते. पाणी तिथून वर यायला साधारण एक तास लागतो, त्यामुळे तुम्ही तासभर आधीच पोचून कंटाळता.

दुसरी, उन्हाळ्याचं घड्याळ. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडे घड्याळ एक तास पुढे असतं. बरीचशी कोष्टकं मात्र वर्षभर ग्रीनिच टाइमनेच छापलेली असतात. कोष्टकाच्या डोक्यावर जीएमटी (ग्रीनिच टाइम) लिहिलंय का बीएसटी (उन्हाळ्याचं घड्याळ) ते वाचा. जीएमटी असेल आणि उन्हाळा असेल तर एक तास मिळवा.

तिसरी, बडोद्यात बसून ॲप उघडलं तर काही ॲप वेळ भारताची दाखवतात. मुलाला तिथल्या फोनवरून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा आणि दोन्ही जुळवून बघा.

हिशोब कसा करायचा ते एका उदाहरणाने सांगते. समजा जुलै महिना आहे आणि कोष्टकात रिचमंड लॉकची पूर्ण भरती १५:४० जीएमटी लिहिलीय. एक तास मिळवला, ४ वाजून ४० मिनिटं झाली. यातून तीन तास वजा करा, १ वाजून ४० मिनिटं. ही तुमची लॉकवर पोचायची वेळ. घरातून निघायची नव्हे, लॉकवर उभं राहायची.

तीन तास का, तर रिचमंडला नदीत आडवे उचलायचे तीन मोठे लोखंडी दरवाजे आहेत, १८९४ चे. ओहोटीत सगळं पाणी निघून जाऊन नदी उघडी पडू नये म्हणून ते खाली सोडलेले असतात, त्यामुळे रिचमंड ते टेडिंग्टन कमीत कमी १.७ मीटर पाणी टिकतं. भरतीचं पाणी चढून दोन्हीकडे सारखं झालं की, पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी, ते वर उचलतात आणि पूर्ण भरतीनंतर साधारण दोन तासांनी परत सोडतात. म्हणजे टेडिंग्टनला पाणी हळूहळू सहा तास चढत नाही, खालची पातळी बराच वेळ जिथल्या तिथे राहते आणि मग शेवटच्या दोन तासांत भराभर चढते. तीन तास आधी पोचलात तर एक तास लॉकचं काम पूर्ण फरकासकट बघायला मिळतं आणि नंतर पाणी चढताना दिसतं. नेमके भरतीला पोचलात तर दोन्हीकडचं पाणी जवळजवळ सारखं असतं, बोट आत जाते, इंचभर हलते, बाहेर येते. बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष.

तपासा: वहीत किंवा फोनमध्ये चार वेळा लिहिल्या का: पोचायची, रिचमंडचे दरवाजे उचलायची, पूर्ण भरतीची, आणि परतीच्या ट्रेनची. आजी बडोद्यातून व्हिडिओ कॉलवर येणार असतील तर पाचवी, भारताची वेळ पण लिहा. ४:४० म्हणजे इथे रात्रीचे ९:१०, त्यांची झोपायची वेळ सांभाळून सांगा.

## ४. पिशवी

यात फार काही नाही. विंडचीटर किंवा पातळ स्वेटर जुलैतही, नदीवर वारा असतो. बूट सपाट आणि घट्ट, चपला-सँडल नको, लॉकच्या काठाचे दगड ओले असतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर घडीचं छोटं स्टूल, कारण चार तासांचं काम आहे. दुपारची औषधं. खायला थेपले, भाकरवडी, चिवडा. घरून बडोद्याहून नेताना दुधाचे पदार्थ मात्र बॅगेत टाकू नका, भारतातून दूध-मांसाचे पदार्थ तिकडे आणायला परवानगी नाही, पेढे विमानतळावरच काढून घेतात आणि जीव हळहळतो.

दुर्बीण असेल तर घ्या. खडू नको, तिथल्या दगडावर खुणा करायच्या नाहीत, पाण्याची पातळी मोजायला दुसरी युक्ती आहे, पुढे सांगते.

## ५. पोचायचं कसं, आणि कोणत्या काठावर

वॉटर्लूहून टेडिंग्टनला थेट ट्रेन आहे. स्टेशन झोन ६ मध्ये, ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड टॅप करून चालतं. स्टेशनवरून हाय स्ट्रीटने सरळ नदीकडे, पुढे फेरी रोड, आरामात पंधरा-वीस मिनिटं चालणं. हाउन्सलो-ट्विकेनहॅमवाल्यांना २८१ नंबरची बस टेडिंग्टनमधून जाते.

चहा आणि बाथरूम हाय स्ट्रीटवरच उरकून घ्या. नदीवर पोचल्यावर "आता कुठे जाऊ" झालं की आख्खा कार्यक्रम विस्कटतो, विशेषतः घरातली मोठी माणसं बरोबर असताना.

सावध: नदीच्या एका काठावर टेडिंग्टन, दुसऱ्या काठावर हॅम. मधे फक्त पायी जायचे पूल. गाडी जाईल असा पूल थेट किंग्स्टनला नाहीतर खाली रिचमंडला. टॅक्सीवाल्याने मॅपवरचा पिन बघून हॅमच्या बाजूला सोडलं आणि मुलगा फेरी रोडवर थांबलाय असं झालं तर गाडीने मोठा वळसा पडतो. टॅक्सीत बसतानाच "फेरी रोड, टेडिंग्टन" असं स्पष्ट सांगा.

व्हीलचेअर असेल तर मुलाला किंवा सुनेला आदल्या आठवड्यात एकटं जाऊन पुलाचा चढ आणि पायऱ्या बघून यायला सांगा. हे फोनवरच्या फोटोतून कळत नाही.

## ६. तिथे उभं राहायचा क्रम

फेरी रोडच्या टोकाला झुलता पूल लागतो. हा १८८० च्या दशकाच्या अखेरीचा. यावरून उजव्या हाताला, वरच्या अंगाला, बंधारा दिसतो. इथे सगळे थांबतात आणि इथेच संपवतात. तुम्ही इथे पाच मिनिटं थांबा, बंधाऱ्यावरून पाणी किती उंचीवरून पडतंय ते नीट बघून ठेवा, एक फोटो घ्या. हा फोटो "आधी"चा. पुढे चला.

मग एक छोटं बेट, मग लॉकच्या पाण्यावरचा दुसरा लोखंडी पूल, आणि तो उतरला की हॅमचा काठ. इथून लॉककडे चालत जा. तीनपैकी कोणत्या लॉकमध्ये हालचाल आहे ते बघा, बोटी कुठे थांबल्यात ते बघा. सुट्टीच्या दिवशी सहसा लाँच लॉक. मोठं बार्ज लॉक उघडलं तर सगळं सोडून तिकडे जा, ते रोज रोज बघायला मिळत नाही.

कुठे उभं राहायचं? खालच्या दरवाजापासून पाच-सात पावलं आत, हौदाच्या काठापासून निदान दोन पावलं मागे. इथून दरवाजा, हौदातलं पाणी आणि भिंतीत बसवलेली लोखंडी शिडी, तिन्ही एका नजरेत येतात.

सावध: लॉकच्या काठाला सगळीकडे कठडा नसतो. लहान मुलांचा हात एका मोठ्या माणसाने धरायचा आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत, हे आधीच ठरवा. दरवाजांवर टेकू नका, मशिनवर चालतात, न सांगता हलतात. बोटीचे दोर पायात येतील असे उभे राहू नका. कुणी पाण्यात पडलं तर मागून उडी टाकायची नाही, ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा आणि काठावरचं लाल तरंगतं कडं फेकायचं. नदीचं पाणी उन्हाळ्यातही अंग आखडेल इतकं गार असू शकतं.

## ७. एक फेरा पूर्ण बघा, मध्ये उठू नका

दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. एक फेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघणं हे पाच फेरे अर्धवट बघण्यापेक्षा फार चांगलं. खालून वर येणारी बोट धरा, ती समजायला सोपी.

अ) बोट आत येते. हौदातलं पाणी खालच्या पातळीला. बोट खोल विहिरीत आल्यासारखी दिसते, माणसांची डोकी तुमच्या पायांच्या खाली. भिंती ओल्या, शेवाळलेल्या. आता ती शिडी बघा. पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसतायत त्या मोजा आणि आकडा पोरांना लक्षात ठेवायला सांगा. ही तुमची मोजपट्टी.

आ) दोर. बोटीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचे दोर काठावरच्या खुंट्यांना वळसा घालून माणसं हातात धरतात, इंजिन बंद करतात. गाठ मारत नाहीत. या हातांकडे नीट लक्ष द्या.

इ) खालचे दरवाजे लागतात. दोन फळ्या मिळून व्ही आकार होतो आणि टोक वरच्या पाण्याकडे असतं. पाणी जितकं जास्त दाबतं तितक्या त्या फळ्या एकमेकींवर घट्ट बसतात. कडी-कोयंडा काही नाही.

ई) झडपा उघडतात. इथे लोक चुकतात, त्यांची नजर दरवाजावर असते आणि दरवाजा तर हलत नाही, म्हणून त्यांना वाटतं काम थांबलंय आणि ते निघतात. खरं काम पाण्याखाली चाललेलं असतं. वरच्या टोकाला पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसेल, भोवरे फिरतील, बोट हळूच मागे-पुढे ओढली जाईल आणि दोर धरलेली माणसं ढिला पडलेला दोर हाताहाताने आत घेत राहतील. पुढच्या माणसाने दोर ढिला सोडला तर बोटीचं नाक लगेच भिंतीपासून सुटून मधे सरकायला लागतं, मग तो दोन्ही हातांनी ओढतो, पाठ मागे टाकतो, आणि नाक परत येऊन भिंतीला टेकतं. शिडीची एकेक पायरी बुडत जाते. हे बघण्यासाठीच तर आलात.

उ) पाणी सारखं होतं. पाण्याचा खळखळाट थांबतो, पृष्ठभाग सपाट होतो, बोटीतली माणसं आता तुमच्या बरोबरीला. मग वरचे दरवाजे उघडतात. सारखं व्हायच्या आधी का उघडत नाहीत? दोन मीटरचा फरक असला तरी दरवाजाच्या एका फळीवर आठ टनांपेक्षा जास्त दाब असतो, तेवढ्याविरुद्ध फळी हलणारच नाही. पाण्याने स्वतःच कुलूप लावलंय आणि पाणी सारखं झाल्यावर तेच उघडतं.

शिडीच्या पायऱ्या परत मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बोट किती चढली.

मग वरून खाली जाणारी बोट बघा. इथे दोर धरणाऱ्यांचं काम उलटं, दोर सोडत जायचा. कुणी गाठ मारून ठेवली तर पाणी उतरेल आणि बोट दोराला लटकेल, म्हणून तर आधी हातांकडे लक्ष द्या म्हटलं.

तपासा: फेरा बघून झाल्यावर कुणीतरी हे सगळं बडोद्याच्या आजीला फोनवर क्रमाने सांगू शकतंय का? "दरवाजा, झडप, सारखं, दरवाजा" एवढा क्रम आला तरी पुरे. नाही आला तर अजून एक फेरा बघा, वेळ आहे तुमच्याकडे.

## ८. आता पाणी चढताना बघा

पूर्ण भरतीला दोन तास राहिले की लॉकच्या खालच्या अंगाला जा. कोरड्या दगडाची एखादी कड किंवा पाण्यातला खांब धरा आणि दर पंधरा मिनिटांनी तिथूनच फोटो घ्या. मधल्या वेळात डबे उघडा, थेपले खा.

खालून येणाऱ्या बोटी याच वेळी वाढतात, कारण भरतीच्या ओढीबरोबर वर येणं सोपं. त्यामुळे लॉकवर गर्दी आणि खालची पातळी चढलेली, दर फेऱ्याला शिडीच्या कमी कमी पायऱ्या बुडतात. आधी मोजलेला आकडा इथे कामाला येतो, पोरांना आपोआप कळतं की समुद्र वर आलाय.

पूर्ण भरतीच्या पंधरा मिनिटं आधी झुलत्या पुलावर परत या, आधी जिथून फोटो घेतला तिथेच उभे राहा. मोठं उधाण असेल तर खालचं पाणी बंधाऱ्याच्या बरोबरीला येतं, धबधबा बसतो, आवाज जातो. हा "नंतर"चा फोटो. हे दोन फोटो शेजारी ठेवले की ज्यांनी नुसता बंधारा बघितलाय त्यांचा विश्वास बसत नाही की जागा एकच आहे.

सावध: उधाणाच्या दिवशी हॅमच्या काठची पायवाट आणि ट्विकेनहॅम-रिचमंडचे नदीकाठचे रस्ते काही ठिकाणी पाण्याखाली जातात. गाडी नदीकाठी लावून लॉकवर येऊ नका, परत जाल तेव्हा चाकं पाण्यात असतील. भरतीनंतर पायवाटेने रिचमंडकडे चालत जायचा बेत असेल तर पाणी उतरेपर्यंत थांबा.

## ९. सीमेचा दगड, आणि रिचमंड दुसऱ्या दिवशी

पाय चालत असतील तर मधल्या वेळात हॅमच्या काठाने खालच्या अंगाला अडीचशे मीटरच्या आत चालत जा, दगडाचा एक छोटा स्तंभ दिसेल, १९०९ चा. नदीचा ताबा कोणाचा याची ती हद्द, खालची नदी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीची, वरची आता एन्व्हायरन्मेंट एजन्सीकडे. बरेच जण त्याला मैलाचा दगड समजून पुढे जातात.

रिचमंडचे ते उचलायचे दरवाजे बघायला त्याच दिवशी धावू नका. पाच किलोमीटर लांब आहे, आणि दोन्हीकडची मोक्याची वेळ एकच. उधाण दोन-तीन दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी जा, भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तास उशिरा धरा आणि दरवाजे उचलायच्या अर्धा तास आधी तिथल्या पायपुलाजवळ उभे राहा. प्रत्येक दरवाजा ३२ टनांचा आहे, वर जाऊन पुलाच्या पोटात आडवा होतो. डागडुजी चालू असेल तर वेळा बदलतात, आदल्या दिवशी पोर्ट अथॉरिटीच्या सूचना बघून घ्या.

## १०. हिवाळ्यात किंवा पावसानंतर जात असाल तर

हिवाळ्यात भरती त्याच सुमारास, घड्याळाने अडीच ते चार, पण अंधार चारलाच पडायला लागतो. म्हणून पूर्ण भरतीची वाट बघू नका, लॉकचे फेरे बघा, थोडं पाणी चढलेलं बघा आणि उजेडात पूल ओलांडून स्टेशन गाठा. हौशी बोटी कमी असतात, तासाभरात एकही आली नाही असंही होऊ शकतं.

नोव्हेंबरच्या सुमारास दर वर्षी काही आठवडे रिचमंडचे दरवाजे देखभालीसाठी वरच ठेवतात. त्या दिवसांत वरचा तीन तासांचा हिशोब चालत नाही, ओहोटीला नदी इतकी उतरते की काठच्या बोटी चिखलात टेकलेल्या दिसतात. तेव्हा भरतीला न जाता ओहोटीला जा.

खूप पाऊस होऊन गेला असेल तर वरून येणारं पाणी भरतीला भारी पडतं, बंधारा बसत नाही, उलट खवळतो. लॉकवर नदीच्या परिस्थितीचा फलक लावलेला असतो. पिवळा असेल तर बोटी कमी आणि जपून. लाल असेल तर हौशी बोटी बाहेर पडतच नाहीत, मग पुलावरूनच बंधारा बघा, काठावर उतरू नका, आणि पुढच्या पौर्णिमेची किंवा अमावास्येची तारीख काढून ठेवा.